मैदानाच्या कडेचें कुटुंब

खेळ आणि मुलें यांविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. खेळानें शरीर घडतें, चारित्र्य बनतें, पराभव पचविण्याची शक्ति येते, हीं वचनें आतां इतकीं परिचित झालीं आहेत कीं, तीं पुनः सांगण्यांत कोणाचाच लाभ नाहीं. परंतु त्या मुलांना मैदानावर पोहोंचविणारीं, त्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळणारीं आणि खेळ संपेपर्यंत कडेला बसून राहणारीं जीं मोठीं माणसें, त्यांच्याविषयीं कोणी चार ओळी लिहिल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. हा लेख त्या मंडळींविषयीं आहे. खेळ हॉकीचा, मुलें दहा ते चौदा वर्षांचीं, आणि मुलूख लोणावळ्यापासून खडकीपर्यंतचा.

लोणावळ्याहून पुण्याकडे निघालें म्हणजे लोहमार्ग मावळ तालुका उभा कापीत जातो. १८५८ सालीं खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा हा मार्ग सुरू झाला, आणि १९७८ पासून त्यावर लोणावळा-पुणें लोकल धांवूं लागली. सुमारें ६४ किलोमीटरांच्या या वाटेवर मळवली, कामशेत, कान्हे, वडगांव, तळेगांव हीं मावळचीं स्थानकें. पुढें देहूरोडची छावणी. मग आकुर्डी, चिंचवड, पिंपरीचे कारखाने. आणि त्यांच्याही पुढें खडकी. हॉकीच्या दृष्टीनें पाहिलें तर या वाटेचें एक टोंक पावसाचें आणि दुसरें टोंक खेळाचें. लोणावळ्यास वर्षाकाठीं चार हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या पांचपटींहून अधिक. आषाढापासून भाद्रपद सरेपर्यंत मावळांतलें मातीचें मैदान म्हणजे निव्वळ चिखल. त्यावर हॉकीचा चेंडू चार हात सरकत नाहीं. म्हणून या बाजूच्या ज्या थोड्या मुलांस या खेळाचा नाद लागला आहे, त्यांस पिंपरीच्या नेहरूनगरांतलें मेजर ध्यानचंद यांच्या नांवाचें क्रीडांगण गांठावें लागतें. २०२१ च्या डिसेंबरांत पुरुषांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा याच क्रीडांगणावर झाली. तेथें कृत्रिम गवत आहे. गमतीची गोष्ट अशी कीं, जें मैदान मुलांची चिखलापासून सुटका करतें, तेंच खेळापूर्वीं पाणी मारून भिजवावें लागतें. कोरडें राहिलें तर चेंडूची गति बिघडते आणि पडलेल्या मुलाचे गुडघे सोलवटतात.

खडकीचें नांव हॉकीशीं जोडलें गेलें तें छावणीमुळें. १८६९ सालीं तेथें दारूगोळ्याचा कारखाना निघाला. लष्कराबरोबर हॉकी आली, आणि कामगारांच्या वसाहतींतल्या तमिळ, तेलुगु, मराठी, ख्रिस्ती, मुसलमान अशा सर्व घरच्या मुलांनीं ती आपलीशी केली. धनराज पिल्ले १९६८ सालीं याच खडकींत जन्मले. वडील मैदानाची देखभाल करणारे. नवी काठी विकत घेण्याची घरची ऐपत नव्हती. मोडलेल्या काठ्या दोरीनें बांधून आणि टाकून दिलेले चेंडू वेंचून भावंडें खेळत, आणि आई त्यांस खेळूं देई. पुढें १९९२ ते २००४ या काळांत धनराज चार ऑलिंपिकांत खेळले. १९९८ सालीं बँकॉकच्या आशियाई स्पर्धेंत त्यांच्या नेतृत्वाखालीं भारतानें ३२ वर्षांनंतर सुवर्णपदक परत मिळविलें. २००७ सालीं त्यांचें इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झालें, त्याचें नांव 'फर्गिव्ह मी अम्मा' असें आहे. पदकाचा, देशाचा किंवा गुरूचा उल्लेख न येतां त्या मुखपृष्ठावर आई आली, याचें खडकीच्या लोकांस मुळींच नवल वाटणार नाहीं. मैदान जवळ असणें निराळें आणि त्या मैदानावर जाण्यास घरांतून कोणी हो म्हणणें निराळें, हें त्यांस ठाऊक आहे.

आमच्या घरांतून मात्र हॉकी फारशी शिरली नाहीं. क्रिकेट शिरलें, टेनिस शिरलें. मल्लखांब आणि सूर्यनमस्कार तर घरचेच. पण हॉकी म्हणजे छावणीचा, शिपायांचा खेळ, अशी एक अस्पष्ट अढी मनांत राहून गेली. शरीरशिक्षणाविषयीं आस्था नव्हती असें नव्हे. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ सालचा. १९२४ सालीं स्वामी कुवलयानंदांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें, आणि त्याच सालीं पुण्यांत कॅप्टन शिवरामपंत दामले यांनीं महाराष्ट्रीय मंडळ काढलें. म्हणजे शरीर कमवावें, हा उपदेश या मुलखांत शंभर वर्षांचा जुना आहे. मग अडलें तें कोठें? आमच्या मतें खेळापाशीं नव्हे, तर शेजारापाशीं. कोणाच्या मुलाबरोबर आपलें मूल धांवणार आणि कोणाच्या आईशेजारीं आपल्या घरची सून बसणार, हा तो न उच्चारलेला प्रश्न होता. आज मैदानाच्या कडेला तो प्रश्न हळूहळू सुटतांना दिसतो. आणि तोही सभेशिवाय, ठरावाशिवाय, केवळ वाट पाहण्यामुळें.

वाट पाहण्यामुळें असें आम्ही म्हणतों, कारण या ओळखींचा उगम बहुधा फलाटावर होतो. मुंबईप्रमाणें दर चार मिनिटांनीं गाडी, असा या मार्गाचा थाट नाहीं. एक लोकल चुकली कीं फलाटावर बसून राहणें आलें. पहिल्या रविवारीं पालक एकमेकांकडे नुसते पाहतात. काठीची लांब पिशवी दिसली म्हणजे 'हेही आपल्याच वाटेचे' एवढें कळतें. दुसऱ्या रविवारीं 'तुमचा कितवींत?' हा प्रश्न होतो. तिसऱ्या रविवारीं डबा उघडला जातो. आणि डबा एकदां उघडला कीं आडनांव विचारण्याचें कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. चौथ्या रविवारीं कोणा एकाला कामावर जाणें भाग पडतें, आणि तो दुसऱ्यास म्हणतो, 'आज आमच्याही पोराला तेवढें बरोबर न्याल का?' खरी मंडळी त्या क्षणीं स्थापन होते. रेल्वेचे रूळ आणि रहदारीचा रस्ता ओलांडून नेण्यासाठीं आपलें मूल अशा माणसाच्या हातीं देणें, कीं ज्याचें गांव-गोत्र आपणांस ठाऊक नाहीं, ही लहान गोष्ट नव्हे. सोयरीक जुळवितांना सात पिढ्यांची चौकशी करणारीं आमचीं घरें हा विश्वास तीन रविवारांच्या ओळखीवर टाकतात; आणि आमच्या पाहण्यांत तरी तो वायां गेलेला नाहीं.

मैदानाच्या कडेला बसतें तरी कोण? कारखान्यांतली रात्रपाळी संपवून सरळ तेथेंच आलेला बाप, जो पहिल्या दहा मिनिटांत बसल्या जागीं डुलकी घेतो आणि गोल झाला कीं सर्वांच्या आधीं टाळी वाजवितो. आठवड्यांत एकच सुटी मिळणारी आणि ती अशी खर्च करणारी आई. लोणावळ्यास चिक्कीच्या दुकानांत बसणारे एखादे काका. नौदलांतून निवृत्त झालेले गृहस्थ. १९४५ पासून लोणावळ्यास नौदलाचें 'शिवाजी' हें शिक्षणकेंद्र असल्यामुळें अशीं कुटुंबें त्या बाजूस आहेत. आणि नातवाचें बोट धरून आलेले आजोबा, ज्यांना हॉकीचे नियम नातवानेंच शिकविलेले असतात. भाषा तीन-चार ऐकूं येतात, पण 'धांव' आणि 'जपून' हे दोन शब्द सर्वांचे मराठींतच निघतात.

कामाची वांटणी कोणी करीत नाहीं, ती होते. एक बाई मलमपट्टीची पिशवी आणते. एकाच्या डब्यांत बर्फ असतो, कारण साडेपांच औंस वजनाचा तो कठीण चेंडू कोणाच्या नडगीवर केव्हां बसेल याचा नेम नाहीं. एकाजवळ गाड्यांचें वेळापत्रक पाठ असतें. कोणाचें मूल दूध पीत नाहीं, कोणाला शेंगदाणे सोसत नाहींत, कोणाला उन्हानें घेरी येते, हें सर्वांस ठाऊक असतें. 'काका' आणि 'मावशी' या दोन शब्दांत सर्व नातीं सामावलेलीं असतात. ज्या मुलाला घरीं चुलता नाहीं त्याला येथें सात काका मिळतात. आणि बुटाची नाडी सुटली असतां त्यांतला कोणीही रागावूं शकतो.

या मंडळींच्या मनाची खरी परीक्षा गोलरक्षकाच्या पोशाखावरून होते. इतर दहा मुलांस काठी, नडगीचीं कवचें आणि दांतांचें कवच एवढ्यानें भागतें. गोलरक्षकास मात्र डोक्याला शिरस्त्राण, छातीला कवच, पायांस जाड पॅड, बुटांवर आणखी कवचें, हातांस मोठे मोजे, असा सगळा सरंजाम लागतो. आणि मूल वाढत असल्यामुळें तो लवकरच तोकडा होतो. ज्या घरचें मूल गोलांत उभें राहील त्याच घरानें हा भार उचलावा असें ठरविलें, तर गोलांत श्रीमंताचेंच मूल उभें राहील. आणि तें त्या जागीं योग्य असेलच असें नाहीं. म्हणून शहाणी मंडळी हा पोशाख सर्वांचा मानते. प्रत्येक घर महिन्याला थोडी रक्कम देतें. ज्याला जमेल तो अधिक देतो, आणि ज्याला जमत नाहीं त्याचें नांव कोणी उच्चारीत नाहीं.

मावळच्या भूमीला ही रीति नवी नाहीं. अंताजी दामोदर काळे यांनीं माणसामाणसांकडून एकेक पैसा मागून 'पैसा फंड' उभारला, आणि १९०८ सालीं त्यांतून तळेगांवास कांचेचा कारखाना निघाला. त्या फंडाचें मर्म केवळ बेरजेंत नव्हतें. पैसा देणाऱ्या प्रत्येकास तो कारखाना आपला वाटे, हें त्याचें मर्म. सर्वांच्या पैशानें आणलेले पॅड ज्या मुलाच्या पायांवर असतात, तें मूल सर्वांचें होतें. त्यानें चेंडू अडविला म्हणजे वीस घरांनीं अडविला; त्याच्याकडून सुटला तर बोट दाखविण्यास कोणाचा हात उचलत नाहीं.

निदान उचलूं नये. गेल्या हिवाळ्यांतली एक सकाळ या बाबतींत सांगण्यासारखी आहे. सामना चौदा वर्षांखालील मुलांचा होता. एका बाजूच्या गोलांत जेमतेम साडेचार फूट उंचीचा मुलगा उभा होता. गोल तर बारा फूट रुंद आणि सात फूट उंच. वडिलांची पाळी असल्यामुळें त्याच्या घरचें कोणी आलेलें नव्हतें. मध्यंतरापूर्वीं दोन आणि नंतर दोन असे चार गोल त्याच्यावर झाले. शेवटची शिट्टी झाल्यावर इतर मुलें पाण्याकडे धांवलीं. हा शिरस्त्राण न काढतांच खांबाला टेकून बसला. आंत काय चाललें होतें तें सांगावयास नको. त्याच्या बाजूचे पालक 'चालायचेंच, पुढच्या वेळीं पाहूं' असें दुरूनच म्हणत होते. तेवढ्यांत जिंकलेल्या बाजूच्या मंडळींतून एक वृद्ध तमिळ बाई उठल्या, मैदानाला सबंध वळसा घालून आल्या आणि त्याच्या शेजारीं बसल्या. आपल्या मोडक्या मराठींत त्या म्हणाल्या, 'चार आंत गेला, तें सगळ्यांनीं मोजला. अकरा तूं बाहेर काढला, तें मीं मोजला.' त्यांनीं मूठ उघडली, तिच्यांत अकरा खडे होते. चेंडू अडविला गेला कीं एक खडा, असा त्यांचा हिशेब चालला होता. मुलानें शिरस्त्राण काढलें, खडे पुनः एकदां मोजले आणि आपल्या मोज्यांत टाकले. त्या अकरांपैकीं कित्येक फटके त्या बाईंच्या नातवाचेच होते, हें आम्हांस मागाहून समजलें.

अशा संगतीला दुसरी बाजूही आहे, आणि ती झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. जेथें आईबाप जमतात तेथें तुलना जमते. 'त्याला सबंध वेळ खेळविलें, आमच्याला दहाच मिनिटें' ही कुरबूर कोणत्याही मैदानावर ऐकूं येते. पंच बहुधा विशीतला कोणी होतकरू खेळाडू असतो. घरीं ज्यांच्या तोंडून अपशब्द निघत नाहीं अशीं माणसें त्याला नाहीं नाहीं तें बोलतात. शिक्षक एक सांगत असतो आणि कडेवरून बाप दुसरेंच ओरडत असतो. मुलाची अशा वेळीं फार केविलवाणी स्थिति होते. चेंडू पायाशीं आल्यावर जें मूल आधीं कडेला बापाकडे पाहतें, त्याचा चेंडू गेलाच म्हणून समजावें. चेंडू जातो तो जातो. त्याच्याबरोबर आपल्या बुद्धीनें निर्णय घेण्याची हिंमतही जाते, आणि ती पुढें कोणत्याही शिकवणीच्या वर्गांत मिळत नाहीं.

हा रोग आपल्याकडचाच आहे असें नाहीं. कॅनडांत हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. तेथें आईबाप सूर्योदयापूर्वीं उठून मुलांस बर्फाच्या मैदानावर नेतात, थंडींत कुडकुडत कडेला बसतात, आणि तेथेंही तीच मैत्री व तींच भांडणें होतात. तीं इतकीं वाढलीं कीं, त्या देशांत कित्येक ठिकाणीं मुलाचें नांव संघांत घालण्यापूर्वीं घरांतल्या एका तरी पालकास सभ्य वर्तनाचा लहानसा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. इंग्लंडांत मुलांच्या फुटबॉल सामन्यांत कांहीं दिवस असे पाळले गेले आहेत कीं, त्या दिवशीं कडेच्या माणसांनीं टाळी वाजवावी, पण शब्द बोलूं नये. मौनव्रत ही आपल्या घरची जुनी वस्तु. ती एकादशीप्रमाणें महिन्यांतून एक रविवार मैदानावर पाळून पाहण्यास हरकत नाहीं. मुलांचे आवाज त्या दिवशीं ऐकूं येतील, आणि तीं एकमेकांशीं किती शहाणपणानें बोलतात हें पाहून पुष्कळांस आश्चर्य वाटेल.

त्याखेरीज दोन साध्या गोष्टी आम्हांस सुचवाव्याशा वाटतात. सामना संपल्यावर घरच्या वाटेवर सामन्याची चिकित्सा करूं नये. भूक लागली आहे का, एवढेंच विचारावें. आणि आपलें मूल राखीव बाकावर बसलेलें असतांनाही दुसऱ्याच्या मुलासाठीं तितक्याच जोरानें टाळी वाजवावी. अकरा मुलें खेळतात तेव्हां पांच-सहा बाहेर बसलेलीं असतात. त्या पांच-सहांचे आईबाप त्या वेळीं काय करतात, यावरून ती मंडळी आहे कीं नुसती गर्दी, हें ओळखतां येतें.

आतां ज्या गोष्टीसाठीं हें सर्व लिहिलें, तिच्याकडे वळूं. शालेय हॉकी स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन वयोगटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा त्यांच्या पायऱ्या आहेत. चौदा वर्षांखालील गटांत आपल्या घरचीं मुलें थोडींबहुत दिसूं लागलीं आहेत. सतरांच्या गटांत तीं दिसेनाशीं होतात. कारण उघड आहे. नववी उजाडली कीं घरांत एक दिवस गंभीर चेहऱ्याची बैठक भरते, आणि 'आतां खेळ पुरे' असा निकाल लागतो. मुलाला कोणी विचारीत नाहीं. काठी माळ्यावर जाते. अभ्यासाचें महत्त्व आम्ही कमी लेखीत नाहीं. विद्येवर ज्यांची पोटें आणि प्रतिष्ठा उभी आहे त्या घरांस तें कोणी शिकविण्याचीही गरज नाहीं. परंतु त्या दिवशीं मुलाकडून काय काढून घेतलें जातें, याचा हिशेब त्या बैठकींत कोणी मांडीत नाहीं. आठवड्याचे चार-सहा तास परत मिळतात. त्यांच्या बदल्यांत सात काका, पांच मावश्या आणि पंधरा मित्र जातात. चौदाव्या-पंधराव्या वर्षीं, जेव्हां मूल आईबापांशीं बोलेनासें होतें, नेमकीं तेव्हांच हीं माणसें त्याच्या जवळ असावयास हवीं.

मुलींच्या बाबतींत हा निकाल आणखी लवकर लागतो, आणि त्याला निराळीं कारणें जोडलीं जातात. परत येण्यास अंधार होईल, कपडे बदलण्याची सोय नाहीं, बरोबर कोण असेल. या शंका खोट्या नाहींत. पण त्यांचें उत्तर मुलीला घरीं ठेवणें हें नसून तिच्याबरोबर मंडळी असणें हें आहे. सातारा जिल्ह्यांतल्या फलटण तालुक्यांतून, शेतकरी घरांतून आलेल्या वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे या दोघी २०२२ सालीं दक्षिण आफ्रिकेंत झालेल्या कनिष्ठ जागतिक स्पर्धेंत भारताकडून खेळल्या. त्या स्पर्धेंत भारत चौथा आला. कोणत्याही खेड्यांतून मुलगी इतक्या दूर जाते ती एकट्या आईबापांच्या बळावर जात नाहीं. कोणी तरी तिला सकाळीं गाडीवर बसवून दिलेलें असतें, कोणी तरी रात्रीं फाट्यावर उभें राहिलेलें असतें, आणि गांवांत 'पोरीला कशाला पाठवितां?' असें विचारणाऱ्यास कोणी तरी परस्पर उत्तर दिलेलें असतें. मावळांतल्या मुलींना हे तीन 'कोणी तरी' मिळाले, तर त्यांच्याही वाटेंत फारसें कांहीं आड येणार नाहीं.

येथें एकत्र कुटुंबाची आठवण येणें स्वाभाविक आहे. आमच्या पिढीच्या लहानपणीं घरांत मूल पडलें तर ज्याचा हात जवळ असेल तो त्याला उचलीत असे. तें कोणाचें, हा विचार मागाहून येई. चुलतीच्या हातचा मार आणि आत्याच्या हातचा लाडू यांवर आईचा हक्क चालत नसे. तीं घरें आतां लहान झालीं. ज्या घरांत अजून दोन-तीन बिऱ्हाडें एकत्र नांदतात, तेथेंही मुलांचे दिवस शाळा आणि शिकवण्या यांत वांटले गेले आहेत. त्याबद्दल आम्ही पुष्कळ हळहळतों. परंतु त्या घराची जी खरी शक्ति, कीं दुसऱ्याचें मूल आपलें मानावें, ती नाहींशी झालेली नाहीं. तिनें जागा बदलली आहे. नेहरूनगरच्या मैदानाच्या कडेला, तळेगांवच्या फलाटावर, रिक्षांत दाटीवाटीनें बसलेल्या पांच मुलांत आणि दोन मोठ्यांत ती आजही दिसते. फरक इतकाच कीं, पूर्वीच्या घरांत एकाच रक्ताचीं आणि एकाच जातीचीं माणसें होतीं. या घरांत तशी अट नाहीं. आमच्या मतें हा तोटा नसून वाढ आहे. ज्या घरांनीं एकत्र राहण्याची विद्या पिढ्यान् पिढ्या जोपासली, त्यांनीं ती या मोठ्या घरांत घेऊन जावी. तेथें तिचा उपयोग होईल, आणि ती येथल्यापेक्षां अधिक काळ टिकेल.

घरांतल्या वृद्ध मंडळींचाही यांत लाभ आहे. सकाळच्या गाडीनें नातवाला नेणें, दोन तास उन्हांत बसणें, चार निराळ्या माणसांशीं बोलणें, हें कोणत्याही औषधापेक्षां गुणकारी ठरलेलें आम्हीं पाहिलें आहे. नियम कळत नाहींत ही सबब चालणार नाहीं. चेंडू काठीच्या सपाट बाजूनें मारावा, पायाला लागूं देऊं नये, आणि गोल करावयाचा तर गोलासमोरच्या अर्धवर्तुळांत येऊन मारावा, एवढें समजलें कीं पहिल्या दिवसापुरतें पुरे. बाकीचें नातू सांगतो. आणि आजोबांना कांहीं शिकविण्याचा मान त्याला दुसरीकडे कोठें मिळतो?

दसरा-दिवाळीनंतर मावळांतलीं भातखाचरें मोकळीं होतात आणि गांवोगांवचीं मैदानें वाळून कठीण होतात. कृत्रिम गवताची वाट पाहण्याचें कारण नाहीं. हॉकी शेंकडों वर्षें मातीवर आणि हिरवळीवरच खेळली गेली, आणि ऑलिंपिकांत कृत्रिम गवत आलें तें १९७६ सालीं. दहा मुलें, दहा काठ्या, गोलासाठीं चार दगड आणि शिट्टी वाजविणारा एक तरुण मिळाला कीं वडगांवास काय आणि लोणावळ्यास काय, खेळ सुरू होऊं शकतो. मोठ्यांसाठीं तर त्याहून कमी लागतें. पाण्याचा एक घडा न्यावा, डबा थोडा मोठा भरावा, आणि सतरंजी घरच्यांपुरती न नेतां आणखी दोन माणसें बसतील एवढी न्यावी.